पिकअपच्या गिअरपेटीतील तेल घरच्या घरी कसे बदलावे

दसरा उलटला म्हणजे नंदुरबारच्या बाजार समितीत ओल्या लाल मिरचीची आवक वाढू लागते आणि शहराभोवतालच्या पथाऱ्या मिरचीने लालभडक दिसू लागतात. तोडलेली ओली मिरची फार काळ थांबत नाही. गोणीत दाबून राहिली की ती तापते, मऊ पडते आणि भाव उतरतो. शहाद्याकडील पपईचीही तीच गत. म्हणूनच आपल्या जिल्ह्यातील बागायतदाराच्या दारी बैलगाडीच्या जागी आता पिकअप उभी असते, आणि ऐन हंगामात ती एक दिवस जरी बंद पडली तरी त्या दिवसाचा माल मातीमोल होण्याची धास्ती असते.

या गाडीची निगा राखण्यात आपले शेतकरी बंधू मागे आहेत असे नाही. इंजिनाचे तेल वेळेवर बदलले जाते, ग्रीस भरले जाते, टायरांची हवा पाहिली जाते. मात्र गाडीच्या पोटात असलेल्या गिअरपेटीतील तेलाची आठवण, गिअर खरखरू लागल्यावाचून, सहसा कोणास होत नाही. इंजिनातील तेल काजळीने काळे पडते व ते डोळ्यांस दिसते. गिअरपेटीतील तेल जळत नाही, म्हणून ते जन्मभर पुरते असा समज रूढ झाला आहे. हा समज चुकीचा आहे. दोन-अडीच लिटर तेलाच्या हयगयीने सबंध गिअरपेटी उतरवून खोलण्याची पाळी येते, आणि ती पाळी बहुधा माल भरलेला असतानाच येते. हे काम थोडी हत्यारे व दोन तासांचा अवकाश असेल तर घरच्या खळ्यातही नीट करता येते.

गिअरपेटीत पोलादी दंतचक्रे एकमेकांवर प्रचंड दाबाने घासत असतात. दोन दातांमध्ये तेलाचा जो पातळ थर असतो, तोच त्यांना एकमेकांपासून अलग ठेवतो. कालांतराने या तेलातील घट्टपणा मोडतो, उष्णतेने त्याचा कस जातो आणि झिजलेल्या धातूची पूड त्यात मिसळते. सपाटीवर रिकामी धावणारी गाडी आणि तळोदा ते धडगाव या रस्त्यावर चांदसैलीचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये, भरल्या मालानिशी चढणारी गाडी, यांच्या तेलावर पडणारा ताण सारखा नसतो. त्यात आपल्याकडील उन्हाळ्याचा पारा चाळीस अंशांच्या वर. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत तेल बदलण्याचे जे अंतर दिलेले असते ते साधारण वापरासाठी असते. घाटात व जड ओझ्याखाली चालणाऱ्या गाडीचे तेल त्याच्या निम्म्या अंतरावर बदलणे शहाणपणाचे होय.

पावसाळ्याचा प्रश्न निराळा आहे. नाल्याच्या फरशीवरून पाणी वाहत असताना गाडी घातली तर तापलेली पेटी पाण्यात एकाएकी थंड होते, आतील हवा आकसते आणि वरच्या श्वासनळीतून किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. असे तेल बाहेर काढल्यावर दुधाळ, ताकासारखे दिसते. आसाइतक्या पाण्यातून गाडी गेली असेल, तर अंतर पुरे होण्याची वाट न पाहता तेल तपासलेच पाहिजे.

आता तेलाच्या निवडीसंबंधी. येथे सर्वांत अधिक चुका होतात, म्हणून थोडे विस्ताराने सांगणे इष्ट आहे. डब्यावर ‘८०डब्ल्यू-९०’ अशासारखा आकडा असतो. त्यातील पहिला भाग थंडीत तेल किती वाहते राहते हे सांगतो, दुसरा तापल्यावर ते किती घट्ट राहते हे सांगतो. याखेरीज ‘जीएल-४’ किंवा ‘जीएल-५’ अशी खूण असते, आणि तीच अधिक महत्त्वाची. ‘जीएल-५’ तेलात भारी दाब सोसण्यासाठी गंधक व स्फुरद यांची संयुगे अधिक प्रमाणात घातलेली असतात. मागच्या आसावरील क्राऊन-पिनियनसाठी ती लागतातच. परंतु पुष्कळ गिअरपेट्यांत गिअर जुळवणारी कडी पितळेची असतात, आणि यांतील काही संयुगे पितळ हळूहळू खातात. शिवाय अति निसरड्या तेलात ही कडी आपली पकड घेऊ शकत नाहीत व गिअर टाकताना खरखर होते. ‘पाच हा आकडा चारापेक्षा मोठा, तेव्हा तेल अधिक चांगले’ हा दुकानातील हिशेब म्हणून येथे लागू पडत नाही. एकाच गाडीत पुढच्या पेटीस एक तेल व मागच्या क्राऊनला दुसरे, असे असू शकते. पुस्तिकेत जे लिहिले असेल तेच तेल, सीलबंद डब्यात, पक्की पावती घेऊन आणावे.

ट्रॅक्टरसाठी आणलेले तेल उरले म्हणून ते पिकअपमध्ये ओतण्याचा मोह टाळावा. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर, मागचे चक्र आणि नांगर उचलणारी हायड्रॉलिक यंत्रणा यांना मिळून एकच तेल असते. ते त्या कामासाठी बनविलेले असते.

कामासाठी गाडी सपाट, कडक जमिनीवर उभी करावी. पिकअप पुरेशी उंच असल्याने बहुतेक वेळा जॅक न लावताही खाली सरकता येते, आणि तसेच करणे उत्तम. कारण गाडी एका बाजूस उचलली तर तेलाची पातळी चुकीची दिसते. गाडी उचलावीच लागली तर ती चारही बाजूंनी सारखी उचलून भक्कम घोड्यांवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये. विटांचा थर हाही आधार नव्हे. हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी, चाकांना पुढून-मागून दगड लावावेत आणि किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवावी. घरात मुले असतील तर हे शेवटचे विशेष ध्यानात ठेवावे.

तत्पूर्वी गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून आणावी व पंधरा मिनिटे थांबावे. कोमट तेल पातळ होऊन तळाची पूड घेऊन बाहेर पडते. थंड तेल ती तेथेच सोडते. मात्र हात भाजेल इतके तापलेले तेल काढू नये.

गिअरपेटीला सामान्यतः दोन बुचे असतात. तळाशी तेल सोडण्याचे आणि बाजूस, थोडे वर, तेल भरण्याचे. येथे एकच नियम कटाक्षाने पाळावा: प्रथम वरचे भरण्याचे बूच सैल करावे, आणि ते सुटल्यानंतरच खालच्या बुचास हात लावावा. शहादा तालुक्यातील एका बागायतदाराच्या खळ्यात उलटा प्रकार पाहण्यात आला. त्यांनी उत्साहाने खालचे बूच काढून सर्व तेल घमेल्यात सोडले, आणि मग वरच्या बुचाकडे वळले. ते वर्षानुवर्षे न उघडल्याने गंजून बसले होते; पाना घसरून त्याचे कोपरेही गेले. आता तेल भरण्यास वाट नाही आणि कोरड्या पेटीने गाडी गॅरेजपर्यंत नेणेही शक्य नाही. पपईची तोड बांधावर तशीच, आणि मिस्तरी तिसऱ्या दिवशी आले. वरचे बूच आधी पाहिले असते तर जुन्या तेलावरच गाडी गॅरेजला नेता आली असती.

बूच घट्ट असेल तर त्याभोवतीची माती तारेच्या ब्रशाने साफ करून गंज सोडविणारे तेल रात्रभर लावून ठेवावे आणि नेमक्या मापाचाच पाना वापरावा. माती साफ करणे हे नुसत्या टापटिपीसाठी नव्हे. बूच निघताच ती आत पडते.

खालचे बूच निघाल्यावर तेल पंधरा-वीस मिनिटे निथळू द्यावे. या बुचाच्या टोकास बहुधा चुंबक असतो. त्यावर शाईसारखी बारीक काळी पूड दिसली तर घाबरण्याचे कारण नाही. ती नेहमीची झीज होय. परंतु नखाएवढे तुकडे किंवा दातांचे कण आढळल्यास नवे तेल घालून समाधान मानू नये, पेटी जाणत्या मिस्तरीस दाखवावी. निघालेले तेल मापाच्या डब्यात मोजून पाहावे. पुस्तिकेतील आकड्यापेक्षा ते बरेच कमी भरले, तर कोठेतरी गळती आहे हे निश्चित.

चुंबक पुसून, तांब्याचा वायसर नवा घालून खालचे बूच बसवावे. पान्यास लांब पाईप लावून ते आवळण्याची काहींना सवय असते. पेटी ॲल्युमिनियमची असल्यास त्याने आटे उपटून येतात व तो खर्च मोठा असतो.

भरण्याचे भोक बाजूस असल्याने डबा तेथे उलटा करता येत नाही. हातपंप नसेल तर ठिबक सिंचनाच्या लॅटरलची कोरी नळी उपयोगी पडते. तिचे एक टोक भोकात आणि दुसरे वर नेऊन त्यात स्वच्छ नरसाळे बसवावे, आणि तेलाचा डबा तासभर उन्हात ठेवून ते वाहते झाल्यावर सावकाश ओतावे. वापरलेली नळी नको, कारण तिच्यात माती व खताचे क्षार असतात. फवारणीच्या पंपाने तेल भरण्याची युक्तीही कानांवर आली आहे. औषधाचे व पाण्याचे अंश राहिलेला पंप या कामी कदापि घेऊ नये. भोकाच्या खालच्या काठापर्यंत तेल येऊन बारीक धार बाहेर पडू लागली की पुरे. काही गाड्यांत पातळी निराळ्या रीतीने पाहतात. तसे पुस्तिकेत असेल तर तेच प्रमाण मानावे. ‘थोडे जास्त असू द्यावे’ म्हणून अधिक भरलेले तेल फेसाळते, सील सारून बाहेर येते आणि क्लचच्या तबकडीवर पोचले तर गाडी ओझे ओढेनाशी होते.

बूच लावून गाडी चार-पाच किलोमीटर फिरवावी, थंड होऊ द्यावी, आणि पातळी व गळती पुन्हा पाहावी. तारीख व किलोमीटरचा आकडा वहीत लिहून ठेवावा. मागच्या क्राऊनचे तेलही त्याच बैठकीत बदलणे सोयीचे. त्याची रीत हीच, केवळ तेल निराळे.

आपोआप गिअर बदलणाऱ्या पिकअप आपल्या जिल्ह्यात थोड्या आहेत, पण त्या येऊ लागल्या आहेत, म्हणून त्यांच्याविषयी दोन शब्द. अमेरिकेतील जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्ड्समोबाईल मोटारींत अशी पेटी प्रथम मोठ्या प्रमाणावर विकली. तिच्यातील तेल नुसते वंगण नसते. इंजिनाची शक्ती तेच पुढे पोचवते आणि त्याच्याच दाबाने आतील क्लच धरतात व सुटतात. पकडीचा गुण नेमका साधावा म्हणून पूर्वी या तेलात स्पर्म देवमाशाचे तेल मिसळत; १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेने देवमाशांस संरक्षण दिल्यावर त्यास पर्याय शोधावे लागले. अशा पेटीच्या तळातून तेल सोडले तरी पुष्कळसे टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहते, म्हणून निघाले तेवढेच मोजून घालावे लागते. पातळीही तेल ठराविक तापमानास आल्यावर आणि बहुधा इंजिन चालू असतानाच पाहावयाची असते. येथे चिंधीचा एक धागाही आतील झडपेत अडकू शकतो. ज्यांच्याजवळ पुस्तिका, तापमापक व अगदी स्वच्छ जागा नाही, त्यांनी या प्रकारची पेटी घरी उघडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उरला प्रश्न काढलेल्या तेलाचा. ते बांधावर ओतणे, कुंपणाच्या खांबांस वाळवीसाठी फासणे किंवा धूळ बसावी म्हणून खळ्यात शिंपडणे हे प्रकार सर्रास चालतात. यातील तेल पहिल्या पावसाबरोबर नाल्यात व विहिरीत उतरते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जावयास हवे. नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यातच ते भरून, झाकण घट्ट लावून, वर ‘जुने तेल’ असे ठळक लिहून मुलांच्या व जनावरांच्या आवाक्याबाहेर ठेवावे, आणि जे गॅरेज किंवा सेवा केंद्र अशा कंपनीस तेल देते तेथे पुढल्या फेरीत पोचते करावे. हात साबणाने धुवावेत, रॉकेलने नव्हे. आणि तेलाने भिजलेली फडकी चुलीजवळ टाकू नयेत.