कोब्यावरचे ऑइलचे डाग

मैत्रिणींनो, आपल्या जळगाव-धुळ्याकडे गाडी अंगणातल्या कोब्यावरच उभी असते अन् उन्हाळ्यात पापड-कुरडयाही तिथंच वाळतात. म्हणून ऑइल सांडलं की मी लगेच निपटते. आधी पाणी ओतू नका, तेल पसरतं. लाकडाचा भुसा किंवा राख टाकून रात्रभर ठेवा, सकाळी झाडून घ्या. मग हातमोजे घालून गरम पाण्यात वाटीभर धुण्याचा सोडा कालवा, डागावर 15 मिनिटं राहू द्या, ताठ ब्रशने घासा. सिमेंटच्या छिद्रांत मुरलेल्या जुन्या डागाला 2-3 वेळा करावं लागतं. अ‍ॅसिड मात्र नकोच! त्यानं तेल निघत नाही, उलट सिमेंट झिजतं. ब्लीचिंग पावडरशी मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो. पेट्रोल-रॉकेलनेही पुसू नका, भडका उडेल. डाग राहिला तरी चालेल, जीव महत्त्वाचा!