दहा वर्षं आणि तीन वर्षं

वसईहून एका वाचक बाईंचं पत्र आलं आहे, आणि ते बाजूला सारून पुढे जाणं मला जमेना. बाई दर रविवारी मिस्सानंतर मुलांना धर्मशिक्षण देतात. वर्गातल्या एका मुलीने त्यांना विचारलं, "टीचर, पोटातलं बाळ मारणं कधीच चालत नाही, मग सैनिकाने मारलेलं कसं चालतं?" बाईंनी पुस्तकातलं उत्तर दिलं. देता देताच लक्षात आलं, की ते आपल्यालाही पटलेलं नाही.

आधी अथेनागोरस हा सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती लेखक बघा. इ. स. १७७च्या सुमारास सम्राट मार्कस ऑरेलियसपुढे ख्रिस्ती लोकांची कैफियत मांडताना त्याने आखाड्यातल्या झुंजी आणि गर्भ पाडायची औषधं एकाच दमात घेतली होती. माणूस मरताना पाहायलासुद्धा आम्ही जात नाही, पोटातला जीवही देवाच्या देखरेखीखाली आहे असं मानतो, मग आम्ही माणसं मारून खातो हा आरोप टिकतो कसा? हा त्याचा युक्तिवाद. तिथे रक्ता-रक्तात फरकच नव्हता, त्यामुळे त्या मुलीच्या प्रश्नाला जागाच नव्हती.

ती जागा कुठे तयार झाली, हे एका पत्रात दिसतं. कैसरियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या कायसेरीचा, बिशप बेसिल. आयकोनियमला नव्यानेच बिशप झालेल्या ॲम्फिलोकियसने त्याला शंका विचारल्या आणि बेसिलने ३७४च्या आसपास एकेक करून उत्तरं लिहिली. त्याच्या पत्रांत या पत्राचा क्रमांक १८८. पूर्वेकडच्या चर्चने पुढे ही उत्तरं नियम म्हणूनच उचलली. मी कितीतरी वर्षं या पत्रापाशी परत परत येतो आहे.

दुसरं कलम गर्भपाताचं. जाणूनबुजून गर्भ पाडणारी स्त्री मनुष्यहत्येची दोषी. गर्भाला आकार आला होता की नव्हता, ही चिकित्सा आमच्याकडे नाही, असं तो स्पष्ट सांगतो. पण लगेच त्याचा हात सैल होतो. अशा प्रयत्नात बाई स्वतःही बहुधा दगावते, हे तो नोंदवतो. मरेपर्यंत प्रायश्चित्त नको, दहा वर्षं पुरेत, आणि तीही दिवस मोजून ठरवू नका, पश्चात्ताप कसा आहे ते बघा, असं सुचवतो. (दुसऱ्या एका पत्रात जाणूनबुजून केलेल्या खुनाला त्याने वीस वर्षं लावली आहेत.) त्या कलमात पुरुष मात्र कुठेच नाही, आणि ते मला प्रत्येक वाचनात खुपतं.

आता तेरावं कलम. युद्धातल्या हत्येला आपल्या पूर्वसूरींनी हत्या मानलं नाही, असं तो म्हणतो. धर्मासाठी आणि शीलाच्या रक्षणासाठी लढणाऱ्यांना त्यांनी सूट दिली असावी, असं त्याला वाटतं. आणि मग एक शब्द येतो: कदाचित. कदाचित त्यांना तीन वर्षं फक्त कम्युनियनपासून दूर राहायचा सल्ला द्यावा, कारण त्यांचे हात स्वच्छ नाहीत.

डोळ्यांपुढे आणून बघा. त्या काळी खुनी माणूस पहिली चार वर्षं चर्चच्या दाराबाहेर रडत उभा राहायचा आणि आत जाणाऱ्यांना 'माझ्यासाठी प्रार्थना करा' म्हणून विनवायचा. सैनिक आत आहे, सगळ्यांच्या बरोबरीने उभा आहे. कम्युनियनची वेळ होते, शेजारचे पुढे सरकतात आणि तो जागेवरच थांबतो. बायको बघते आहे, मुलं बघताहेत. तो गुन्हेगार नाही, पण त्याच्या हाताला काहीतरी लागलेलं आहे, हे सगळ्या गावाला कळतं.

चर्चने दहा वर्षांचा बारकावा सोडला, तरी त्यामागचा निषेध जपून ठेवला. तीन वर्षं मात्र विसरून गेलं. माझी तक्रार एवढीच आहे, आणि मुलीच्या प्रश्नाचं खरं उत्तरही माझ्या मते हेच आहे.

विसरायलाही वेळ लागला म्हणा. दहाव्या शतकात बायझंटाइन सम्राट निकेफोरस फोकासला युद्धात पडलेल्या आपल्या सैनिकांना हुतात्मे म्हणून जाहीर करून हवं होतं. पूर्वेकडच्या चर्चचा प्रमुख, पॅट्रिआर्क पॉलियुक्टसने हेच तेरावं कलम पुढे करून नकार दिला. ज्यांना जिवंतपणी तीन वर्षं कम्युनियन नाकारायचं, त्यांना मेल्यावर संतांच्या रांगेत कसं बसवायचं? पण बाराव्या शतकातले धर्मशास्त्री झोनारस लिहून गेले, की हा नियम पाळलाच जाऊ शकत नाही. शूर सैनिक सतत लढणार, मग त्याला कम्युनियन मिळणार कधी? हिशेब बिनचूक आहे. म्हणून नियम सोडला. युद्ध सोडावं, असं कुणाला सुचलं नाही.

पश्चिमेकडे १०६६च्या हेस्टिंग्जच्या लढाईनंतर विजेत्या नॉर्मन सैन्यावर बिशपांनी प्रायश्चित्त ठेवलं. मारलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्ष. वार केला पण तो मेला की नाही ठाऊक नसेल, तर प्रत्येकामागे चाळीस दिवस. आकडाच माहीत नसेल, तर जन्मभर आठवड्यातला एक दिवस, किंवा एखादं चर्च बांधून द्यावं. आणि धनुर्धारी? आपला बाण कुणाला लागला हे त्यांना कळतच नाही, म्हणून त्यांना उपवासकाळाचे तीन चाळीस-चाळीस दिवस.

हे धनुर्धाऱ्यांचं कलम वाचलं, की मला फादर जॉर्ज झबेल्का आठवतात. १९४५मध्ये ते टिनियन बेटावर, हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब टाकणाऱ्या विमानदलाचे चॅप्लेन होते. एखाद्या सैनिकाने येऊन विचारलं असतं, 'फादर, या पोराच्या डोक्यात गोळी घालू का?' तर आपण साफ नाही म्हटलं असतं, हे त्यांनी १९८०च्या एका मुलाखतीत सांगितलं. पण विमानं रोज उडत होती, खाली पोरं जळत होती, आणि नागरिकांच्या हत्येविरुद्ध आपण त्या सैनिकांपुढे एकही प्रवचन केलं नाही, हेही त्यांनी तिथेच कबूल केलं. पुढे हे फादर अमेरिकेतून पायी बेथलेहेमच्या यात्रेला निघाले. तेव्हा त्यांचं वय साठीच्या पुढे होतं.