होडीसाठी विजेची लहान मोटर निवडताना

जलाशयात पिंजऱ्यांतून मासे वाढविणारे, तलाव ठेक्याने घेणारे आणि खाडीत जाळी लावणारे अनेक शेतकरी आजही वल्ह्याच्या होडीवर काम भागवितात. पिंजऱ्यांवर रोज खाद्य पोहोचवावे लागते, जाळी तपासावी लागतात आणि काढलेले मासे वेळेत काठाला आणावे लागतात. या कामात वल्हे मारण्यातच एका माणसाचा बराच वेळ जातो. डिझेल किंवा पेट्रोल इंजिन लावले तर इंधनाचा खर्च, आवाज आणि पाण्यावर पसरणारे तेल हे प्रश्न येतात. म्हणून होडीच्या मागच्या फळीला अडकविता येणारी, बॅटरीवर चालणारी लहान मोटर हा पर्याय अनेकांना आकर्षक वाटतो.

ही मोटर उपयुक्त आहे, परंतु खरेदी करताना बहुतेक जण मोटर आधी ठरवितात आणि बॅटरीचा विचार नंतर करतात. प्रत्यक्षात क्रम उलटा हवा. आपल्याला किती अंतर जायचे आहे, किती ओझे न्यायचे आहे आणि वारा किती असतो, यावरून बॅटरी ठरते. मोटर त्यानंतर निवडावी. पेट्रोल संपले तर डब्यातून पुन्हा भरता येते, बॅटरी मात्र भर पाण्यात भरता येत नाही. त्यामुळे हा हिशेब पैशाचा आहे तसाच जिवाचाही आहे.

मोटर खरोखर हवी का?

प्रथम गरज तपासावी. ३० × ३० मीटरच्या शेततळ्याला मोटर लागत नाही. दोन्ही काठांना दोर बांधून, तो हाताने ओढत होडी किंवा तराफा सहज नेता येतो. काठापासून दोन-तीनशे मीटरच्या आत काम असेल तर चांगली वल्ही पुरतात. रोजची फेरी एक ते पाच-सात किलोमीटरची असेल, पाणी संथ असेल आणि रोज बॅटरी भरण्याची सोय असेल, तेथे विजेची मोटर चांगली उपयोगी पडते. याहून लांबचे अंतर, जोराचा प्रवाह किंवा उघडा समुद्र असेल तर लहान मोटरीवर अवलंबून राहू नये.

मोटरीचे दोन प्रकार

पहिला प्रकार १२ किंवा २४ व्होल्टवर चालणाऱ्या साध्या मोटरींचा. यात मोटर पाण्याखाली पंख्याच्या मागेच बसविलेली असते आणि वर हातात धरायचा दांडा असतो. बॅटरी वेगळी ठेवावी लागते. हा प्रकार स्वस्त व दुरुस्तीला सोपा आहे. दुसरा प्रकार अधिक शक्तीच्या, साधारण २ ते ३ अश्वशक्तीच्या पेट्रोल इंजिनाच्या तोडीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या मोटरींचा. यातील काहींमध्ये लिथियम बॅटरी मोटरीवरच बसविलेली असते. हा प्रकार हलका व कार्यक्षम, पण बराच महाग असतो. एका-दोघांच्या होडीला बहुधा पहिला प्रकार पुरतो.

रेट्याचा आकडा कसा वाचावा?

पहिल्या प्रकारच्या मोटरींची ताकद अश्वशक्तीत न देता पौंड रेट्यात देतात. १ पौंड म्हणजे सुमारे ०.४५ किलो, म्हणजे ५५ पौंडांची मोटर सुमारे २५ किलोचा रेटा देते. हा आकडा होडी जागेवर बांधून मोजलेला असतो. होडी चालू लागली की प्रत्यक्ष रेटा कमी होतो, हे लक्षात ठेवावे.

साधा आडाखा असा की, भरलेल्या होडीच्या दर १०० किलो वजनामागे किमान २ किलो रेटा हवा. वारा असणाऱ्या मोठ्या जलाशयात हा आकडा ३ किलो धरावा. उदाहरणार्थ, १६ फुटी फायबरच्या होडीचे वजन १६० किलो, दोन माणसे १३० किलो, खाद्याच्या २५ किलोच्या पाच गोण्या १२५ किलो, बॅटरी ६० किलो, मोटर १० किलो आणि दोर, जाळी व क्रेट ४० किलो धरले तर एकूण ५२५ किलो होतात. यासाठी संथ पाण्यात साडेदहा किलो आणि वाऱ्यात सुमारे १६ किलो, म्हणजे ३५ पौंड रेटा लागेल. अशा होडीला ४५ ते ५५ पौंडांची मोटर घ्यावी. ती रोज कमी वेगावर चालवावी आणि उरलेली ताकद वाऱ्यासाठी राखावी.

१२ व्होल्टच्या मोटरी साधारण ५५ पौंडांपर्यंत मिळतात. त्याहून अधिक रेट्यासाठी २४ व्होल्ट, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या लागतात.

बॅटरीचा हिशेब

बॅटरीची क्षमता अँपिअर-तासात लिहितात. १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीतून २५ अँपिअर वीज चार तास मिळावी, असा साधा हिशेब आहे. शिसे-आम्ल बॅटरीत मात्र तो तसा उतरत नाही. तिच्यावर लिहिलेली क्षमता १० किंवा २० तासांत सावकाश वापरल्यास मिळणारी असते. वीज जोरात ओढली तर क्षमता घटते. शिवाय ही बॅटरी वारंवार पूर्ण रिकामी केली तर लवकर निकामी होते. म्हणून शिसे-आम्ल बॅटरीची निम्मीच क्षमता वापरण्याजोगी धरावी. लिथियम लोह फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीची सुमारे ८० टक्के क्षमता वापरता येते.

आता वरच्याच होडीचे उदाहरण घेऊ. पिंजरे काठापासून दीड किलोमीटरवर आहेत. जाऊन येऊन ३ किलोमीटर आणि पिंजऱ्यांभोवती अर्धा किलोमीटर, अशी एक फेरी साडेतीन किलोमीटरची होते. दिवसातून दोन फेऱ्या म्हणजे ७ किलोमीटर.

१) ताशी ४ किलोमीटर वेगाने लागणारा वेळ : पावणेदोन तास.
२) या वेगाला लागणारी वीज : अंदाजे २५ अँपिअर.
३) दिवसाची गरज : २५ × १.७५ = सुमारे ४४ अँपिअर-तास.
४) वारा व अडचणीसाठी निम्मी राखीव : २२ अँपिअर-तास. एकूण ६६.
५) शिसे-आम्ल बॅटरी घेतल्यास ६६ च्या दुप्पट, म्हणजे १३२. बाजारात मिळणारी १५० ची घ्यावी. लिथियम घेतल्यास ८३. तेव्हा १०० ची घ्यावी.

आता हीच होडी पूर्ण जोरात, ताशी ५ किलोमीटरने नेली असे समजा. मोटर सुमारे ५० अँपिअर ओढेल. वेळ ८४ मिनिटे लागेल, पण वीज ७० अँपिअर-तास खर्च होईल. म्हणजे २१ मिनिटे वाचविण्यासाठी दीडपटीहून अधिक वीज गेली. पाण्यावर वेग दीडपट करायचा तर शक्ती तिपटीहून अधिक लागते. म्हणून सावकाश चालविणे हीच या मोटरीची खरी बचत आहे.

वरील आकडे अंदाजासाठी आहेत. होडीचा आकार, तळाला साचलेले शेवाळ व ओझे यांनुसार ते बदलतात. आपल्या होडीचे आकडे काढण्याची सोपी रीत अशी : दोरीने मोजून १०० मीटर अंतरावर दोन बोयरे बांधावेत. नेहमीचे ओझे भरून हे अंतर कापायला लागणारा वेळ मोजावा. ९० सेकंद लागले तर वेग ताशी ४ किलोमीटर आहे. त्याच वेळी डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने वायरमधील अँपिअर पाहावेत. एकदा वाऱ्याविरुद्ध व एकदा वाऱ्याबरोबर मोजून सरासरी काढावी. शक्य असल्यास विक्रेत्याकडून मोटर आपल्याच होडीवर लावून घेऊन ही चाचणी खरेदीपूर्वी करावी.

कोणती बॅटरी घ्यावी?

ट्रॅक्टर किंवा जीपची बॅटरी वापरू नये. ती इंजिन सुरू करण्यासाठी क्षणभर मोठा प्रवाह देण्याकरिता केलेली असते. तिच्या पातळ प्लेटा रोजच्या खोल वापराने लवकर खराब होतात. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी खोल वापर सहन करते, परंतु ती उंच व जड असते आणि होडी कलली तर आम्ल सांडण्याची भीती असते. ती वापरायचीच असेल तर झाकणाच्या पेटीत, होडीच्या मध्यभागी तळाशी पट्ट्याने घट्ट बांधावी. आम्ल न सांडणारी बंद, खोल वापराची बॅटरी अधिक बरी.

लिथियम बॅटरी १०० अँपिअर-तासाची असूनही साधारण ११ ते १४ किलोची असते. किंमत जास्त असली तरी ती पुष्कळ अधिक वेळा भरता-वापरता येते. मात्र एक धोका ओळखून असावे. शिसे-आम्ल बॅटरी उतरू लागली की होडी हळूहळू मंदावते आणि आपल्याला सूचना मिळते. लिथियम बॅटरी शेवटपर्यंत सारख्या जोराने चालते आणि संपताच तिच्यातील संरक्षक यंत्रणा वीज एकदम तोडते. म्हणून तिच्यासोबत शिल्लक दाखविणारा मीटर घ्यावाच. बॅटरीची संरक्षक यंत्रणा मोटरीचा पूर्ण प्रवाह सतत देऊ शकते का, हेही विचारावे.

शिसे-आम्ल बॅटरीची शिल्लक साध्या व्होल्टमीटरने कळते. मोटर बंद करून काही तासांनी मोजावे.

तक्ता : १२ व्होल्ट शिसे-आम्ल बॅटरीची स्थिती
१२.७ व्होल्ट – पूर्ण भरलेली
१२.४ व्होल्ट – सुमारे पाऊण
१२.२ व्होल्ट – सुमारे निम्मी, आता भरावी
१२.० व्होल्ट – सुमारे पाव, वापरू नये

मोटर घेताना पाहावयाच्या इतर बाबी

दांड्याची लांबी : होडीच्या मागच्या फळीच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतची उंची मोजावी व त्यात सुमारे ५० सेंटिमीटर मिळवावेत. पंख्याचे वरचे टोक पाण्याखाली किमान १५ सेंटिमीटर राहिले पाहिजे. दांडा आखूड पडला तर पंखा हवा ओढतो, आवाज होतो आणि होडी पुढे सरकत नाही. ओझे उतरल्यावर होडी वर उचलली जाते, म्हणून माप रिकाम्या होडीवर घ्यावे.

वेगनियंत्रण : काही स्वस्त मोटरींत पाच ठरावीक वेग असतात. त्यांत कमी वेगावर बरीचशी वीज तारेच्या वेटोळ्यात उष्णता होऊन वाया जाते. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने हवा तो वेग देणारी मोटर कमी वेगावर पुष्कळ वीज वाचविते. रोजच्या कामासाठी हीच घ्यावी.

गोडे व खारे पाणी : अनेक मोटरी फक्त गोड्या पाण्यासाठी असतात. खाडीत वापरायची असेल तर खाऱ्या पाण्यासाठी बनविलेली व जस्ताचा संरक्षक तुकडा असलेली घ्यावी आणि रोज गोड्या पाण्याने धुवावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खाडीच्या मुखाशी पाण्याचा ओढा या मोटरीच्या वेगाइतका असू शकतो. तेथे ती नेऊ नये. आतल्या भागातही भरती-ओहोटीची वेळ पाहूनच फेरी आखावी.

वायर व फ्यूज : १२ व्होल्टवर ५० अँपिअर वाहताना बारीक वायर तापते. बॅटरी मोटरीपासून ३ मीटरवर असेल तर १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरावी. बॅटरीच्या अगदी जवळ ६० अँपिअरचा डीसी ब्रेकर बसवावा. घरगुती एसी ब्रेकर चालत नाही.

सुटे भाग : पंखा, पंख्याची पिन व कार्बन ब्रश जवळच्या शहरात मिळतात का, ते आधीच पाहावे. एक पंखा व दोन पिना होडीत ठेवाव्यात.

वापर आणि निगा

जलपर्णी किंवा जाळ्याचा धागा पंख्यात अडकला तर मोटर प्रथम बॅटरीपासून तोडावी, मगच हात घालावा. नायलॉनचा धागा पंख्यामागे गुंडाळला जाऊन रबरी सील कापतो व मोटरीत पाणी शिरते. म्हणून महिन्यातून एकदा पंखा काढून मागची बाजू साफ करावी. मोटर पाण्याबाहेर चालवू नये.

बॅटरी काठावर, मोकळ्या हवेत भरावी. शिसे-आम्ल बॅटरी भरताना पेट घेणारा वायू निघतो, जवळ विडी-सिगारेट ओढू नये. निम्मी उतरलेली १५० अँपिअर-तासाची बॅटरी १० अँपिअरच्या चार्जरने भरण्यास आठ-नऊ तास लागतात. यास सुमारे सव्वा युनिट वीज लागते. काठावर वीज नसेल तर सौर पॅनेल चालते. १०० वॉटचे पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवशी ४०० वॉट-तासांच्या आसपास वीज देते. वरील उदाहरणातील ४४ अँपिअर-तासांची रोजची तूट भरण्यास अशी दोन पॅनेल धरावीत. पावसाळी हवेत त्यांवर विसंबू नये.

सुरक्षितता

बॅटरीचा एक भाग जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक राखीव, अशी तीन भागांत विभागणी करावी. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचा वारा अचानक उठतो, म्हणून फेऱ्या सकाळी आटोपाव्यात. शक्य असेल तेव्हा जाताना वाऱ्याविरुद्ध जावे, म्हणजे बॅटरी उतरली तरी वारा घराकडे आणतो. मोटर घेतली म्हणून वल्ही घरी ठेवू नयेत. दोन वल्ही, दोर आणि प्रत्येक माणसाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असल्याशिवाय होडी सोडू नये. पोहता येणाऱ्यानेही ते घालावे.

जलाशय पिण्याच्या पाण्याचा असेल तर यंत्राची होडी नेण्याबाबत धरणाच्या कार्यालयाकडे आणि परवाना व नोंदणीबाबत मत्स्यव्यवसाय विभागाकडे खरेदीपूर्वीच विचारणा करावी. खाडीतील होडीसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडेही चौकशी करावी.

थोडक्यात, दुकानात जाण्यापूर्वी चार आकडे कागदावर लिहावेत : भरलेल्या होडीचे वजन, दिवसाचे एकूण अंतर, फळीपासून पाण्यापर्यंतची उंची आणि बॅटरी भरण्यास मिळणारे तास. हे आकडे विक्रेत्यासमोर ठेवून प्रथम बॅटरी ठरवावी व नंतर तिला साजेशी मोटर घ्यावी. असे केल्यास खर्च वाया जाणार नाही आणि गेलेली होडी रोज वेळेवर काठाला परत येईल.