मॅनेजरची पारख

कर्जाचा अर्ज बँकेत आला की अधिकारी प्रथम मागतो ते मागील तीन वर्षांचे ताळेबंद. उलाढाल किती, नफा किती, आधीची कर्जे वेळेवर फेडली काय, हे पाहिल्यावाचून अर्ज पुढच्या टेबलावर सरकत नाही. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत मात्र याच्या उलट बजावलेले असते : गतकाळातील कामगिरी ही भविष्यातील परताव्याची हमी नव्हे. ही दोन्ही वचने आपण नित्य वाचतो आणि दोन्ही खरी मानतो. मग एखाद्या माणसाची पारख त्याच्या मागील कामगिरीवरून करावी की करू नये?

या प्रश्नाचा उलगडा करण्यासाठी फुटबॉलच्या मैदानाइतकी सोयीची जागा दुसरी नाही. इंग्लंडमध्ये फुटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षकास ‘मॅनेजर’ म्हणतात. संघ निवडायचा, डावपेच आखायचे आणि बऱ्याच ठिकाणी खेळाडूंच्या खरेदी-विक्रीतही मत द्यायचे, असा त्याचा अधिकार. आपल्या शाखाधिकाऱ्याच्या चुका लेखापरीक्षणात सापडेपर्यंत वर्ष उलटते. फुटबॉलच्या मॅनेजरचे प्रगतिपुस्तक मात्र दर आठवड्याला हजारो प्रेक्षकांसमोर लिहिले जाते. जिंकला, हरला किंवा बरोबरी, एवढेच तीन शेरे. इतका स्पष्ट हिशेब असताना माणूस ओळखणे सोपे असायला हवे. प्रत्यक्षात मोठमोठे क्लब याच हिशेबात पुनःपुन्हा फसले आहेत.

एकच माणूस, दोन निकाल

ब्रायन क्लफ यांचे उदाहरण पाहावे. खेळाडू म्हणून त्यांनी २७४ लीग सामन्यांत २५१ गोल केले होते. डिसेंबर १९६२ मध्ये गुडघ्याला झालेल्या दुखापतीने ती कारकीर्द अकाली आटोपली. १९६५ मध्ये, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, चौथ्या श्रेणीतील हार्टलपूल्स या लहानशा क्लबचे ते मॅनेजर झाले. १९६७ मध्ये ते दुसऱ्या श्रेणीतील डर्बी काउंटीकडे गेले, १९६९ मध्ये त्यांनी तो संघ पहिल्या श्रेणीत नेला आणि १९७२ मध्ये त्याला इंग्लंडचे विजेतेपद मिळवून दिले. कोणत्याही निवड समितीने डोळे झाकून पसंत करावा असा हा पूर्वेतिहास होता.

जुलै १९७४ मध्ये लीड्स युनायटेडने त्यांना बोलावले. लीड्स त्या वेळी इंग्लंडचा विजेता संघ होता आणि आधीचे मॅनेजर डॉन रेव्ही राष्ट्रीय संघाकडे गेले होते. उत्तम संघ आणि उत्तम मॅनेजर, मग उणे कशाचे? पहिल्या सहा लीग सामन्यांत संघाने एकच विजय मिळवला आणि चव्वेचाळिसाव्या दिवशी क्लफ यांना निरोप देण्यात आला.

यानंतर जानेवारी १९७५ मध्ये त्यांनी दुसऱ्या श्रेणीत रखडलेल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टची सूत्रे घेतली. १९७७ मध्ये तो संघ पहिल्या श्रेणीत आला आणि लगेच पुढच्या वर्षी विजेता ठरला. १९७९ आणि १९८० अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने युरोपियन करंडकही जिंकला.

चव्वेचाळीस दिवसांत अपयशी ठरलेला मॅनेजर आणि युरोप जिंकणारा मॅनेजर ही एकच व्यक्ती. पाच वर्षांत तिची बुद्धी बदलली नव्हती, बदलली होती ती परिस्थिती. डर्बीत क्लफ यांच्या शेजारी पीटर टेलर हे सहकारी होते. खेळाडू हेरण्यात टेलर यांचा हात धरणारा विरळाच. लीड्सला क्लफ एकटे गेले. टेलर १९७६ मध्ये फॉरेस्टला येऊन मिळाले आणि पुढचा इतिहास घडला. शिवाय लीड्सच्या खेळाडूंवर क्लफ यांनी पूर्वी उघडपणे कठोर टीका केली होती. ज्यांना आपण दोषी ठरवले त्यांचेच नेतृत्व करायला ते गेले. डर्बीत त्यांनी संघ स्वतः घडवला होता, लीड्समध्ये तो दुसऱ्याने घडवलेला मिळाला. निकालपत्रकात यातले काहीच लिहिलेले नसते. तेथे केवळ ‘क्लफ, विजेता’ अशी नोंद असते, आणि निवड समितीने वाचली ती तेवढीच.

पैशाचा वाटा

निकालाचे श्रेय मॅनेजरला देण्याआधी दुसरा एक हिस्सा वेगळा काढावा लागतो, तो पैशाचा. अर्थतज्ज्ञ स्टीफन सिमान्स्की आणि पत्रकार सायमन कूपर यांनी २००९ मध्ये ‘सॉकरनॉमिक्स’ हा ग्रंथ लिहिला. इंग्लंडमधील क्लबांचा दीर्घकाळचा हिशेब मांडून त्यांनी दाखवले की क्लबांच्या सरासरी क्रमांकांतील फरकाचा सुमारे ९० टक्के भाग खेळाडूंच्या वेतनावरील खर्चावरून उलगडतो. जो क्लब अधिक वेतन देतो त्याच्याकडे अधिक चांगले खेळाडू येतात आणि तो वर राहतो.

याचा अर्थ मॅनेजर निरुपयोगी आहे असा नाही. श्रीमंत क्लबाचा मॅनेजर वरच्या क्रमांकावर राहिला तर त्याने केवळ अपेक्षित व्याज कमावले. तुटपुंज्या वेतनाचा संघ वर नेणाऱ्याने मुद्दलात भर घातली. फॉरेस्टच्या यशातही पैसा होताच. १९७९ मध्ये ट्रेव्हर फ्रान्सिस यांना घेताना दहा लाख पौंडांचा टप्पा इंग्लंडमध्ये प्रथमच गाठला गेला आणि त्याच वर्षीच्या युरोपियन अंतिम सामन्यातील एकमेव गोल त्यांनीच केला. परंतु ती उधळपट्टी दुसऱ्या श्रेणीतून उठून विजेता झालेल्या संघाची होती. ज्या पायावर ती झाली तो मॅनेजरने आधी स्वतः रचला होता.

दैवाचा वाटा

तिसरा हिस्सा दैवाचा. फुटबॉलमध्ये गोल थोडे होतात. चेंडू खांबाला लागून आत गेला की बाहेर, एवढ्यावर हंगाम फिरू शकतो. क्लाउदिओ रानिएरी यांची कथा यासाठी बोलकी आहे. युरोपातील अनेक नामवंत क्लब त्यांनी सांभाळले होते, पण कोणत्याही देशातील अव्वल श्रेणीचे विजेतेपद त्यांच्या नावावर नव्हते. नोव्हेंबर २०१४ मध्ये ग्रीसचा संघ स्वतःच्या मैदानावर सुमारे पन्नास हजार लोकवस्तीच्या फेरो बेटांकडून हरला आणि रानिएरी यांना प्रशिक्षकपदावरून दूर करण्यात आले. जुलै २०१५ मध्ये लेस्टर सिटीने त्यांना नेमले तेव्हा अनेक जाणकारांनी उघड आश्चर्य व्यक्त केले. लेस्टर जिंकेल यावर सट्टेवाले एकास पाच हजार असा भाव देत होते. मे २०१६ मध्ये लेस्टर इंग्लंडचा विजेता झाला. फेब्रुवारी २०१७ मध्ये संघ तळाशी घसरला आणि रानिएरी यांना पुन्हा काढण्यात आले.

बडतर्फ, विजेता, पुन्हा बडतर्फ, आणि हे सारे अवघ्या सव्वादोन वर्षांत! यातील खरे रानिएरी कोणते? बहुधा तिन्ही टोकांच्या मधले. जेमी व्हार्डी आणि रियाद महरेझ हे खेळाडू क्लबने त्यांच्या येण्याआधीच शोधून ठेवले होते. एन्गोलो कान्ते त्याच उन्हाळ्यात आले आणि विजेतेपदानंतर चेल्सीला गेले. पुढच्या वर्षी चेल्सी विजेता झाला. रानिएरींचे कौतुक हे की त्यांनी हाती आलेल्या संघाची घडी न मोडता त्याला त्याच्या स्वभावानुसार खेळू दिले. परंतु एका हंगामाच्या तेजावरून कायमची पत ठरवणे जितके चुकीचे, तितकेच एका पडझडीवरून ती पुसून टाकणे चुकीचे.

संख्याशास्त्र या गोष्टीस सरासरीकडे परतणे असे म्हणते. फार वाईट काळानंतर बहुधा बरा काळ येतो, कोणी काही केले नाही तरी. डच अर्थतज्ज्ञ बास तेर वील यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेदरलँड्समधील संघांची तुलना केली. पराभवांच्या मालिकेनंतर ज्यांनी मॅनेजर बदलला ते संघ सावरले, आणि तशाच मालिकेनंतर ज्यांनी तो बदलला नाही तेही तितकेच सावरले. औषध घेतले तर सर्दी आठवड्यात बरी होते आणि न घेतले तर सात दिवसांत, ही आपल्याकडची जुनी थट्टा येथे अक्षरशः लागू पडते.

काळाचा वाटा

ॲलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडमध्ये आले. तत्पूर्वी त्यांनी ॲबर्डीनला स्कॉटलंडची तीन विजेतेपदे मिळवून दिली होती आणि १९८३ मध्ये रेआल माद्रिदला हरवून युरोपातील एक करंडकही जिंकला होता. त्याही आधी, १९७८ मध्ये, सेंट मिरन या क्लबने त्यांना काढून टाकले होते, हे विसरता कामा नये. मँचेस्टरमध्ये पहिला करंडक मिळायला १९९० उजाडले आणि त्याच हंगामात संघ लीगमध्ये तेराव्या क्रमांकावर राहिला होता. १९९३ मध्ये क्लबला तब्बल २६ वर्षांनी लीग विजेतेपद मिळाले. २०१३ मध्ये फर्ग्युसन निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर अशी १३ विजेतेपदे होती. केवळ निकाल मोजणाऱ्या संचालकांनी त्यांना १९९० च्या आधीच निरोप दिला असता. तेरावा क्रमांक दिसत असतानाही क्लबात तरुण खेळाडूंची नवी फळी घडत होती. ती गुणतक्त्यात दिसत नव्हती.

त्यांच्याच शिफारशीने आलेले उत्तराधिकारी डेव्हिड मॉइज यांनी एव्हर्टनमध्ये अकरा वर्षे मर्यादित पैशात सातत्याने चांगले काम केले होते. क्लबने त्यांच्याशी सहा वर्षांचा करार केला आणि दहा महिन्यांत तो संपवला. एव्हर्टनमध्ये थोडक्यात भागवण्याची जी कला यशस्वी ठरली, ती प्रत्येक स्पर्धा जिंकण्याच्या सवयीने वाढलेल्या, वयस्क होत चाललेल्या संघास पुरली नाही. २०२३ मध्ये मॉइज यांनीच वेस्ट हॅमला युरोपीय करंडक मिळवून दिला. एका जागी कमावलेला अनुभव दुसऱ्या जागी जसाच्या तसा वटत नाही. तो धनादेश असला तरी कोणत्या शाखेवर काढला आहे हे पाहावे लागते.

हैदराबादचे मास्तर

आता आपल्या देशाकडे वळू. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे शालेय शिक्षक. त्यांनी घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला. १९५१ मध्ये दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांच्या भारतीय संघाने सुवर्णपदक मिळवले. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. १९५६ मध्ये मेलबर्नला भारत ऑलिंपिकमध्ये चौथा आला. १९६० मध्ये रोमला फ्रान्सशी बरोबरी करूनही संघ गटातच बाद झाला.

१९५२ चा तो एकच आकडा हाती घेऊन कोणी निर्णय केला असता तर? रहीम यांनी मात्र त्या पराभवाचे कारण शोधले. आपले कित्येक खेळाडू अनवाणी खेळत होते. त्यांनी खेळाडूंना बुटांची सवय लावली, जागा बदलत खेळण्याची आणि अचूक पासची शिस्त बिंबवली. १९६२ मध्ये जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पहिलाच सामना भारत दक्षिण कोरियाकडून ०-२ असा हरला. पुढे बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जखम झाली, तेव्हा रहीम यांनी त्यांना बाहेर न बसवता आक्रमक म्हणून पुढे खेळवले. उपान्त्य आणि अंतिम अशा दोन्ही सामन्यांत जर्नेलसिंग यांनी गोल केले. ज्या कोरियाने सुरुवातीला हरवले त्याच कोरियाला अंतिम सामन्यात २-१ असे नमवून भारताने सुवर्णपदक पटकावले. रहीम तेव्हा कर्करोगाने ग्रासलेले होते. जून १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्ण आजवर भारताकडे आलेले नाही.

रहीम यांची खरी योग्यता त्या दोन सुवर्णपदकांतही पूर्णपणे दिसत नाही. ती दिसते पराभवानंतर त्यांनी काय बदलले यात. क्लफ, रानिएरी, फर्ग्युसन, मॉइज यांच्या कथाही हेच सांगतात. पूर्वेतिहास वाचावा, अवश्य वाचावा. पण तो साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते. या माणसाच्या हाती काय साधने होती? शेजारी कोण होते? काळ किती मिळाला? यश एकाच ठिकाणी आले की वेगवेगळ्या परिस्थितीत पुन्हा आले? आणि हरल्यावर त्याने काय केले?

आपणांपैकी कोणी पदोन्नतीच्या मुलाखतीत मेजाच्या अलीकडे बसतात, कोणी पलीकडे. कोणी कर्ज मंजूर करतात, कोणी ते मागतात. मंदीच्या वर्षी थकलेली शाखा हाती आलेला अधिकारी आणि भरभराटीच्या वर्षी सुस्थितीतील शाखा मिळालेला अधिकारी यांचे आकडे एका रकान्यात मांडले जातात. ते आकडे खोटे नसतात, अपुरे असतात. पुढच्या खेपेस असा तक्ता समोर आला की शेवटची बेरीज पाहण्याआधी क्षणभर त्या चव्वेचाळीस दिवसांची आणि त्या १०-१ ची आठवण ठेवावी. एखाद्या गुणी माणसावर होणारा अन्याय त्याने टळेल, आणि संस्थेचे होणारे नुकसानही.