घर विकायचंय, पण नटवायचं कोणी?

बाणेर-औंधचा बंद फ्लॅट विकायला काढला की न्यूजर्सीतला मालक हल्ली पुण्याच्या एजंटला हमखास विचारतो, ‘स्टेजिंग तुम्ही करून देणार, की वेगळं कोणी नेमायचं?’ तिकडे घरं विकली जाताना त्याने पाहिलेलं असतं. भाड्याने आणलेला सोफा, पांढऱ्याशुभ्र चादरी, ओट्यावर लिंबांनी भरलेला वाडगा. इकडचा एजंट ‘बघू या, करू काहीतरी’ म्हणतो आणि विषय तिथेच राहतो. स्टेजिंग म्हणजे विक्रीपुरती केलेली घराची मांडणी. अमेरिकेत १९७० च्या दशकात बार्ब श्वार्ट्झ या एजंटबाईंनी तिचा धंदा म्हणून पाया घातला. आपल्याकडे ती आली ती तुकड्यातुकड्याने, व्हिडिओंमधून आणि परदेशातल्या नातेवाइकांकडून. त्यामुळे तिच्याबद्दलचे समजही तसेच तुटक आहेत.

‘स्टेजिंग म्हणजे इंटिरियरच की!’

नाही. इंटिरियर राहणाऱ्याच्या आवडीने होतं आणि पंधरा वर्षं टिकावं अशी अपेक्षा असते. स्टेजिंग ज्याला आपण ओळखतही नाही अशा गिऱ्हाइकासाठी असतं. ते चार-सहा आठवडे टिकलं तरी पुरे. सामान परत जातं. शिवाय इंटिरियरवाला घरात वस्तू आणतो, तर स्टेजिंगमध्ये निम्मं काम वस्तू बाहेर काढण्याचं असतं. ज्याने तुमचं मॉड्युलर किचन झकास करून दिलं, त्याला हे जमेलच असं नाही.

‘एजंटच्या दलालीत हे येतंच’

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे, आणि त्याचं मूळ दोन्हीकडच्या धंद्याच्या रचनेत आहे.

अमेरिकेत घर विकायला काढताना मालक साधारणपणे एकाच एजंटशी ठरावीक मुदतीचा लेखी करार करतो. त्या मुदतीत घर कोणीही विकलं तरी त्या एजंटचा मोबदला पक्का असतो. म्हणून तो खिशातून चार पैसे घालायला तयार होतो. तिथल्या एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेच्या २०२५ च्या पाहणीत स्टेजिंगचा मध्यक खर्च एजंटने स्वतः केलं तर ५०० डॉलर आणि बाहेरची सेवा घेतली तर १,५०० डॉलर असा निघाला.

आपल्याकडे रिसेलचा फ्लॅट मालक एकाच वेळी पाच एजंटांना सांगतो, वर पोर्टलवर स्वतःही जाहिरात टाकतो. ज्याचं गिऱ्हाईक बसेल त्याची दलाली. ८० लाखांच्या फ्लॅटवर एका बाजूची १ टक्का दलाली धरली तर ८० हजार होतात. गिऱ्हाईक दुसऱ्या एजंटने आणलं असेल तर वाटणी आली. अशा स्थितीत एका एजंटने पदरचे ४० हजार घालून पडदे-सोफा आणायचा आणि सौदा तिसऱ्यानेच करायचा, हे कोण करेल? एजंट आळशी म्हणून स्टेजिंग करत नाही, असं म्हणणं अन्यायाचं आहे. पाच जणांच्या शेतात कोणी विहीर खणत नाही.

मालकाला एजंटकडून हे काम हवंच असेल तर आधी त्याला तीन महिन्यांचं एकट्याचं मँडेट लेखी द्यावं आणि सजावटीचा खर्च कोणाचा, तेही त्याच कागदावर लिहावं. एजंट जीएसटी नोंदणीकृत असेल तर दलालीवर १८ टक्के कर वेगळा लागतो, तोही हिशेबात धरावा.

मात्र एक काम एजंटचंच आहे, आणि ते फुकट करायला हरकत नाही: मालकाला तोंडावर खरं सांगणं. हॉलमध्ये दिवाण, शोकेस, बंद पडलेला ट्रेडमिल आणि तीन बँकांची कॅलेंडरं आहेत. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे जुन्या फरश्यांची चळत आहे. पॅसेजमध्ये चपलांचं स्टँड वाट अडवून उभं आहे. मालकाला हे दिसत नाही, कारण तो तिथे वीस वर्षं राहतोय. आठवड्याला दहा घरं पाहणाऱ्या एजंटला ते दारातच दिसतं. भिडेखातर तो गप्प बसतो, आणि आलेलं गिऱ्हाईक ‘कळवतो’ म्हणून निघून जातं.

‘सजवलं की भाव वाढतो’

अमेरिकेतल्या त्याच पाहणीत खरेदीदारांकडून काम करणाऱ्या ८३ टक्के एजंटांनी सांगितलं की मांडलेल्या घरात गिऱ्हाइकाला स्वतःचा संसार कल्पिणं सोपं जातं. पण हे एजंटांचं मत आहे, भावाचं मोजमाप नव्हे. २०१५ मध्ये ‘जर्नल ऑफ हाउसिंग रिसर्च’मध्ये आलेल्या एका अभ्यासात ८२० जणांना एकच घर वेगवेगळ्या रूपांत दाखवलं: भिंतींचा रंग सौम्य किंवा भडक, फर्निचर छान, गबाळं किंवा अजिबात नाही. चांगल्या मांडणीचं घर लोकांना राहायला अधिक बरं वाटलं, पण ते द्यायला तयार असलेल्या रकमेत लक्षणीय फरक पडला नाही.

आपल्याकडे तर भावाला आणखी एक लगाम आहे, बँकेचा. समजा सजवलेल्या घरावर गिऱ्हाईक भाळलं आणि ९२ लाखांना सौदा ठरला. बँकेचा व्हॅल्युअर येतो. तो क्षेत्रफळ, इमारतीचं वय आणि आजूबाजूचे व्यवहार पाहतो आणि ८५ लाख लिहितो. कुशन त्याच्या फॉर्मात नसतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात मूल्याच्या जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज मिळतं, म्हणजे इथे ६८ लाख. उरलेले २४ लाख खिशातून. व्हॅल्युएशन ९२ चंच आलं असतं तर १८ लाख ४० हजारांत भागलं असतं. ५ लाख ६० हजारांच्या या खड्ड्यापाशी अनेक सौदे मोडतात. शिवाय पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क आहे, १ टक्का नोंदणी फी आहे (तिची कमाल मर्यादा ३० हजार). मुरलेलं गिऱ्हाईक त्याच सोसायटीतल्या आधीच्या विक्रीचा इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा) काढूनच बोलायला बसतं.

मग सजावटीचा उपयोग काय? फोटो पाहून येणाऱ्यांची संख्या वाढते आणि आलेला माणूस घरात जरा जास्त थांबतो. भाव पाडून मागण्याची निमित्तंही कमी होतात. गळका नळ दिसला की गिऱ्हाईक मनातल्या मनात लाखभर रुपये वजा करतं, दुरुस्ती पाचशेची असली तरी. माझ्या मते आपल्या बाजारात स्टेजिंगची खरी कमाई हीच आहे: जाणारे पैसे वाचतात.

‘रिकामं घर मोठं दिसतं’

बऱ्याचदा उलटं होतं. रिकाम्या खोलीत नजरेला माप मिळत नाही. दहा बाय अकराच्या बेडरूमच्या दारात उभं राहून गिऱ्हाईक विचारतं, ‘इथे डबल बेड बसेल का?’ पाच बाय साडेसहाचा पलंग तिथे असला तर हा प्रश्नच उठत नाही. अकरा फुटांच्या अंगाला साडेसहा फुटांचा पलंग आणि समोर दोन फुटांचं कपाट धरलं तरी मधे अडीच फूट वाट उरते. पलंग मात्र खरा हवा. बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये आखूड पलंग ठेवायचा आणि आतल्या खोल्यांना दारंच लावायची नाहीत, ही जुनी युक्ती आहे. नमुना फ्लॅटमधल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचं नुकसान झालं तर बिल्डरकडून भरपाई मिळण्याची तरतूद रेरा कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे.

बंद घराची खरी अडचण फर्निचरची नसून वासाची असते. महिनोन्‌महिने पाणी न वापरल्यामुळे बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधलं पाणी सुकतं. गटाराची हवा आणि झुरळं अडवणारा तो पडदाच नाहीसा होतो. दार उघडताच जो दर्प येतो, त्यावर रूम फ्रेशनर मारून उपयोग नाही. गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओतलं की काम होतं. खिडक्यांच्या स्लायडिंगच्या जाळ्या काढून धुवाव्यात. हॉलमध्ये एक ट्यूब पांढरी आणि एक बल्ब पिवळा असेल तर सगळे दिवे एकाच छटेचे लावावेत. यासाठी डिझायनर लागत नाही. चावी सांभाळणारा भरवशाचा माणूस, प्लंबर आणि रंगारी एवढ्यांत भागतं.

‘म्हणजे शेवटी दोष झाकायचेच ना?’

इथे कायदा स्पष्ट आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला सामान्य काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगावाच लागतो. तो दडवणं ही फसवणूक ठरते. वरच्या बाथरूमच्या गळतीने छताला ओल आली असेल तर गळती थांबवून, भिंत वाळवून मग रंग देणं ही दुरुस्ती झाली. ओलीवर पुट्टी फासून, पुढे उंच कपाट लावून फोटो काढणं ही लबाडी. भर जुलैत एकाच भिंतीला नवा रंग दिसला तर गिऱ्हाइकाने बिनधास्त कारण विचारावं.

‘प्रोफेशनल म्हणजे परवानाधारक’

आर्किटेक्ट ही उपाधी लावायला १९७२ च्या कायद्यानुसार नोंदणी लागते. इंटिरियर डिझायनर किंवा स्टेजर म्हणवून घ्यायला अशी कुठलीही सरकारी नोंदणी लागत नाही. भिंतीवरची सर्टिफिकेटं खासगी अभ्यासक्रमांची असतात. महारेराने २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा लागू केली, पण ती परीक्षा कायद्याची आणि व्यवहाराची आहे. पडद्यांचा रंग निवडता येतो का, हे तिथे कोणी तपासत नाही.

म्हणून स्टेजर नेमताना आधीच्या कामांचे फोटो पाहावेत आणि भाडं किती आठवड्यांचं, मुदत वाढली तर दर काय, तुटफूट कोणाची, हे लिहून घ्यावं. सोसायटीचंही विसरू नये. सामान चढवायला सेक्रेटरीची परवानगी लागते, कुठे लिफ्टचे शिफ्टिंग चार्जेस असतात आणि दुपारी दोन ते चार सामान हलवायला बंदी असते.

माझा हिशेब असा. राहतं टू बीएचके असेल तर व्यावसायिक स्टेजर नको. एजंटने यादी करावी, मालकाने घर उपसावं. भाडेकरू राहत असेल तर त्याला एका रविवारपुरतं राजी करणं एवढंच हातात असतं. रिकामा, दीड-दोन कोटींच्या वरचा फ्लॅट महिनोन्‌महिने पडून असेल आणि मालक परदेशात असेल, तर मात्र व्यावसायिकाला बोलवावं. तिथे दर महिन्याचा मेंटेनन्स आणि अडकलेल्या रकमेचं व्याजच स्टेजिंगच्या बिलाहून जड होतं.

‘घरातलं देवघर काढा’

घरातल्या माणसांची ओळख पुसा, फोटो आणि धार्मिक वस्तू हलवा, हा अमेरिकी सल्ला इथेही जसाच्या तसा फिरतो. लग्नाचे आणि मुंजीचे मोठ्ठे फोटो काढावेत, मान्य. पण कोथरूड, डोंबिवली किंवा ठाण्यातला मराठी खरेदीदार ईशान्येचं नीटनेटकं देवघर पाहून खूश होतो. वास्तू मानत नाही असं सांगणाराही दिशा विचारतोच. गिऱ्हाईक कोण येणार हे एजंटला ठाऊक असतं, बाहेरच्या स्टेजरला नसतं.

‘फर्निचर कॉम्प्युटरवरच टाकलं की झालं’

रिकाम्या खोलीच्या फोटोत सोफा-पलंग बसवून देणारी अॅप्स आता स्वस्त आहेत, आणि एजंटला हे काम स्वतः करता येतं. हरकत काहीच नाही, फक्त फोटोवर तसं लिहायला हवं आणि मूळ फोटोही द्यायला हवा. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२६ पासून घरांच्या जाहिरातींत ही गोष्ट कायद्यानेच बंधनकारक झाली आहे. आपल्याकडे फोटोत बाल्कनीसमोर हिरवळ दिसते आणि प्रत्यक्षात शेजारच्या इमारतीची भिंत. गिऱ्हाईक त्या बाल्कनीत दहा सेकंदही थांबत नाही, आणि त्या एजंटचा पुढचा फोनही उचलत नाही.