गोदावरीवरच्या आगबोटी आणि तेरणेचं पाणी

किल्लारीच्या शिवारात पडलेला पाऊस ओढ्या-नाल्यांनी तेरणेत उतरतो. तेरणा औराद शहाजानीच्या बाजूला मांजरेला मिळते. मांजरा बिदर, मेदक असा लांबचा वळसा घेऊन पुन्हा नांदेड जिल्ह्याच्या कडेला येते आणि कंदकुर्तीला गोदावरीत जाते. तिथून बासर, मंचेरियाल मागे टाकत हे पाणी काळेश्वरला पोचतं. तिथं प्राणहिता येऊन मिळते आणि तिच्या डाव्या काठावर सिरोंचा आहे, आज गडचिरोली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रज इंजिनिअरांनी याच सिरोंच्यापर्यंत, आणि तिथून प्राणहिता-वर्धेनं वर थेट कापसाच्या मुलखापर्यंत, आगबोटी चालवायचं मनावर घेतलं होतं. आगबोट म्हटली की आपल्याला कोकण आठवतं. आपल्याच नदीवर असा घाट घातला गेला, त्यासाठी धरणं, कालवे, तह झाले, हे मराठवाड्यात क्वचितच कुणी सांगतं.

या घाटामागचा माणूस सर आर्थर कॉटन. १८४७ ते १८५२ या काळात त्यानं राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम् इथं गोदावरीला आडवा बंधारा घातला आणि खालचा दुष्काळी प्रदेश भाताचं कोठार झाला. त्या बंधाऱ्याची एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. त्यात नावांसाठी पाणपेट्या ठेवल्या होत्या. नाव पेटीत घ्यायची, दारं लावायची, पाणी चढवायचं किंवा उतरवायचं आणि नाव पुढच्या पातळीवर सोडायची. कालव्यांतूनही पिकाच्या पाण्याबरोबर माल फिरत होता. सिंचन आणि वाहतूक कॉटनच्या लेखी एकच काम होतं. रेल्वेपेक्षा पाण्याची वाट स्वस्त, असं तो आयुष्यभर सांगत राहिला.

त्याच सुमाराला वरचा मुलूख कंपनीच्या हाती आला. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड, १८५४ मध्ये भोसल्यांचं नागपूर. कापूस उत्तम होता, पण तो बंदरावर न्यायला बैलांचे तांडे लागत. गोदावरीनं तो काकिनाड्याला उतरवायचा, असा बेत ठरला. कॅप्टन हेग यानं नदी तपासून अहवाल दिला आणि पुढं काम त्याच्याच अंगावर पडलं. १८६० च्या तहात डाव्या काठचे तालुके निजामाकडून घेतले गेले आणि गोदावरीवरच्या मालाला जकात लागणार नाही, असंही त्यात लिहून घेतलं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि घाई वाढली. मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यानं १८६३ मध्ये या नदीच्या नौकानयनावर स्वतंत्र अहवालच लिहिला.

बोट चाकाची असणं इथं गरजेचं होतं. प्रॉपेलर पाण्यात पुरता बुडलेला लागतो, म्हणून त्याला खोली हवी. चाकाच्या बोटीत वाफेचं इंजिन बाजूचं किंवा मागचं मोठं चाक फिरवतं, चाकाच्या फळ्या पाणी मागं रेटतात आणि बोट पुढं जाते. उलट्या कामाला लावलेला रहाटच तो. तळ सपाट ठेवला तर अशी बोट उथळ पाण्यावरही चालते.

पण उथळालाही हद्द असते. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते: भद्राचलमजवळ दुम्मागुडेम, सिरोंच्याच्या खाली इंचमपल्ली, आणि प्राणहितेवर देवलमरी. पहिल्या ठिकाणी बंधारा बांधून खडकाला वळसा घालणारा कालवा खणला. दुम्मागुडेमचा तो बंधारा आजही उभा आहे. वर मात्र दाट जंगल, विरळ वस्ती आणि हिवताप होता. पावसाळ्यात पाणी अंगावर येई, पावसाळा सरला की खडक उघडे पडत. दरम्यान १८६७ मध्ये रेल्वे मुंबईहून नागपूरला पोचली. कापसानं तीच वाट धरली, कारण ती बाराही महिने चालू होती. १८७१ च्या ऑक्टोबरात सरकारनं योजना सोडून दिली. तोवर सत्तर लाखांच्या घरात रुपये खर्ची पडले होते.

कॉटनचा भाड्याचा हिशोब मला आजही चुकीचा वाटत नाही. चुकला तो महिन्यांचा हिशोब. चार महिने चालणाऱ्या बोटींवर कुठलाही व्यापारी वर्षाचा माल बांधत नाही.

हे पटायला स्वित्झर्लंडमधलं ल्युत्सर्न सरोवर पाहावं. तिथं १८३७ पासून वाफेच्या बोटी आहेत आणि चाकाच्या पाच जुन्या आगबोटी आजही प्रवासी नेतात: १९०१ ची ‘उरी’, १९०२ ची ‘उंटरवाल्डेन’, १९०६ ची ‘शिलर’, १९१३ ची ‘गालिया’ आणि १९२८ ची ‘श्टाट ल्युत्सर्न’. कोळशाऐवजी आता तेल जळतं, इंजिनं मात्र वाफेचीच. १९७० च्या दशकात त्या भंगारात निघायची वेळ आली, तेव्हा लोकांनी संघटना काढून पैसा उभा केला. या जिव्हाळ्याचं कौतुक सगळे करतात. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो सरोवराच्या तोंडाशी, रॉइस नदीवर, १८६० च्या आसपास बांधलेला लाकडी दांड्यांचा बंधारा. दांडे हातानं घालून-काढून सरोवराची पातळी सांभाळली जाते. हेग गोदावरीच्या खडकांशी झुंजत होता, त्याच काळातलं हे काम. तिथल्या ताफ्याचं आयुष्य त्या सांभाळलेल्या पातळीवर उभं आहे.

आता आपल्याकडं या. राष्ट्रीय जलमार्ग कायदा १२ एप्रिल २०१६ रोजी अमलात आला. देशातल्या १११ जलमार्गांच्या यादीत नाशिकपर्यंतची गोदावरी आहे, पैनगंगा-वर्धा आहे आणि आपली मांजराही आहे. त्याच १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाणी घेऊन निघालेली रेल्वेगाडी लातूरला पोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. कायद्यानं जिला जलमार्ग म्हटलं, तिच्या काठच्या शहराला त्या दिवशी प्यायचं पाणी रुळांवरून आणावं लागलं.

म्हणून या यादीकडं मी रागानं पाहतो. जलमार्ग घोषित करताना विचारायचा पहिला प्रश्न असा: मे महिन्यात या पात्रात किती फूट पाणी असतं? दुसरा प्रश्न बंधाऱ्यांचा. धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१३ च्या निकालानुसार त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. सिरोंच्याच्या खाली २०१९ मध्ये तेलंगणानं मेडीगड्डाचा बंधारा सुरू केला आणि २०२३ च्या ऑक्टोबरात त्याचे खांब खचले. दोन्ही ठिकाणी भांडण चाललं ते पाणी कुणी अडवायचं आणि कुणी सोडायचं याचं. नाव कुठून जाणार, हे धवळेश्वरम् बांधताना विचारलं गेलं होतं. मांजरेवर तेरणेच्या संगमापासून कंदकुर्तीपर्यंत जागोजागी महिनावार खोली मोजून ते आकडे गावोगावच्या ग्रामपंचायतींच्या फळ्यांवर लावावेत, एवढं काम जलमार्गाच्या नावाखाली सुरू झालं तरी ते शेतकऱ्याच्या, पाणीपुरवठ्याच्या आणि नावाड्याच्याही कामाला येईल.