२४ चौरस फुटांचा सातबारा

आमच्या सोसायटीच्या मागे, पाण्याच्या टाकीला लागून, ३० फूट लांब आणि १२ फूट रुंद अशी एक पडीक जागा होती. मोडक्या खुर्च्या, रंगाचे रिकामे डबे, कुणाचा तरी जुना कमोड असा सगळ्यांचा सामाईक संसार तिथे सुखाने नांदत होता. गेल्या वर्षी सोसायटीच्या सभेत कुणीतरी सुचवलं, इथे भाजी लावू या. आठ घरं तयार झाली. जागा साफ करून आठ वाफे आखले, चिठ्ठ्या टाकल्या आणि ६ बाय ४ फुटांचा एक वाफा माझ्या नावावर निघाला. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. म्हणजे माझ्या वाट्याला एकराचा बरोबर १८१५वा हिस्सा आला. बँकेतली सवय, दुसरं काय!

सभासदांनी मला परस्पर शेतीतज्ज्ञ ठरवून टाकलं. १९८३ साली मी बँकेत लागलो, २०१९ साली निवृत्त झालो. त्यातली अकरा वर्षं सोलापूर जिल्ह्यातल्या शाखांमधून पीककर्ज वाटण्यात गेली. सातबारा, आठ-अ, गावाची पैसेवारी, कुठल्या पिकाला एकरी किती कर्ज, सगळं तोंडपाठ. माझ्या एका कादंबरीचा नायकसुद्धा शेतकरी आहे. फक्त आयुष्यात एक दाणा पेरलेला नाही, हे मी कुणाला सांगितलं नाही.

श्रावणात टोमॅटोचं बी टाकलं. आठवड्याभरात दोन दोन पानांची रोपं वर आली. काय तो आनंद! सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, रात्री जेवण झाल्यावर बॅटरी घेऊन पुन्हा एक फेरी. "नातवंडांचं एवढं केलं नाहीत कधी," असं आमची सौ. म्हणालीच. बाराव्या दिवशी सकाळी पाहतो तो निम्मी रोपं जमिनीलगत मान टाकून आडवी! दोन दिवसांत उरलेलीही गेली. माझ्या वाफ्याची पैसेवारी शून्य.

मी आधी बियाण्याला दोष दिला, मग पावसाला, मग शेजारच्या वाफ्यातल्या वहिनींच्या शेणखताला. आमचे वॉचमन मामा हे सगळं पाहत होते. ते मूळचे बीडकडचे. शेवटी न राहवून आले, उकिडवे बसले आणि मूठभर माती दाबून हात माझ्यापुढे धरला. बोटांच्या फटींतून पाणी गळत होतं.

"सायेब, रोपं तहानेनं न्हाई मेली. बुडून मेली."

मुळांनाही हवा लागते, सतत ओल राहिली की बुरशी धरते आणि कोवळी रोपं कोलमडतात, हे मला साठी उलटल्यावर कळलं. मामांनी मग वाफा वीतभर उंच करायला लावला, म्हणजे पाणी निचरतं. खत चांगलं कुजलेलंच घालायचं. धणे रगडून पेरायचे, कारण एका धण्यात दोन बिया असतात. आणि पाणी देण्याआधी मातीत बोट खुपसायचं. दुसऱ्या पेरापर्यंत ओल लागली, तर झारीला हात लावायचा नाही.

"एवढं येतं, तर शेती का सोडलीत?" मी एकदा सहज विचारलं.

"२०१२ला पाऊस गेला. हिरीत पानी न्हाई, डोक्यावर बँकेचं कर्ज. भाऊ राह्यला, म्या हिकडं आलो."

कुठल्या बँकेचं, हे मी विचारलं नाही. त्या वर्षी मी विभागीय कार्यालयात पंख्याखाली बसून वसुलीचे तक्ते तपासत होतो.

त्या रात्री एक जुना चेहरा आठवला. टोमॅटो गेले, हप्त्याला मुदत द्या, असं सांगायला एक म्हातारे शेतकरी शाखेत आले होते. मी तिशीतला अधिकारी. टेबलापलीकडून म्हणालो, "लक्ष द्यायला नको का, बाबा?" ते काही बोलले नाहीत. कागदाची घडी टोपीत खोचली आणि उठले. लक्ष तर मीही दिलं होतं. २४ चौरस फुटांवर, दिवसातून तीनदा.

दिवाळीनंतर मेथी पेरली. तिसाव्या दिवशी चार जुड्या निघाल्या. आमच्याकडे असा रिवाजच पडलाय, की ज्याचं पीक निघेल त्याने आठही घरी थोडं थोडं द्यायचं. एरवी जिन्यात नुसती मान हलवणारी माणसं आता वांग्याच्या बदल्यात कोथिंबीर मागतात. पहिली जुडी मात्र मी फाटकाशी नेली. मामांनी एक पान खुडून चघळलं. "आता पानी बेतानं दिलंय," एवढंच म्हणाले.

मामांनाही एक वाफा द्यावा, असं मी पुढच्या सभेत सुचवलं. ते सभासद नाहीत, तेव्हा नियमात बसत नाही, असं उत्तर मिळालं. ही भाषा मला नवी नव्हती. छत्तीस वर्षं मीच ती बोलत होतो. मग माझ्याच वाफ्याच्या मधोमध सुतळी बांधली आणि अर्धा भाग त्यांना दिला. त्यांनी तिथे कांद्याची पात लावली आहे. ते रजेवर गावी गेले, की पाणी मी घालतो. आधी बोट खुपसून बघतो.